गाडीचा घोडा खोगिराखाली: आधी वजनाचा हिशेब

पत्र: नागपूरजवळ कळमेश्वर रस्त्याला आमचं दोन एकर शेत आहे. विहीर आहे, एका बाजूला संत्र्याची झाडं. सांगलीकडे ओळखीच्या एका माणसाजवळ घोडागाडीच्या शर्यतीत पळालेला घोडा आहे. नऊ वर्षांचा, ५६ इंच उंच. आता शर्यतीला पुरत नाही म्हणून पैसे न घेता द्यायला तो तयार आहे. त्याच्याकडून मापं मागवली: छातीचा घेर १६५ सेंटिमीटर, लांबी १५०. परदेशात असे शर्यतीचे घोडे दत्तक घेऊन स्वारीला वापरतात, ते व्हिडिओ मुलीने दाखवले. ती १५ वर्षांची आहे, वजन ४८ किलो, वर्षभर रिंगणात घोडेस्वारी शिकली आहे. माझं वजन ८२. आम्ही दोघं बसू शकू का? तयार व्हायला किती दिवस लागतील? एप्रिलच्या सुट्टीत आणावा म्हणतो. आणि त्याचं नाव बदललं तर चालेल का?

उत्तर: नमस्कार. सुरुवात वजनापासून करू, कारण तिथेच तुमचा अर्धा बेत गळून पडतो.

घेराला घेराने गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं, की घोड्याचं वजन किलोत येतं. लांबी खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची घ्यायची. तुमच्या मापांवरून उत्तर ३४४ किलो येतं. पाठीवरचा एकूण भार, म्हणजे माणूस, खोगीर, बूट, हेल्मेट सगळं धरून, घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये. इथे ती मर्यादा ६९ किलो. खोगीर आणि बाकीचं सामान दहा किलो धरलं तर मुलीचा भार ५८ किलो, म्हणजे १७ टक्के. तुमचा ९२ किलो, म्हणजे २७ टक्के. तेव्हा हा घोडा मुलीचा. तुम्ही दावं धरून सोबत चालायचं, आणि सुरुवातीचे दोन महिने ते काम चढून बसण्याइतकंच महत्त्वाचं आहे. "गाडीत चार माणसं ओढायचा, मग एक पाठीवर जड कसा?" असं कुणी तरी विचारेलच. गाडीचं वजन चाकांवर असतं, घोडा छातीने ते फक्त पुढे लोटतो. पाठीने त्याने आजवर साजाच्या गादीपलीकडे काही उचललेलं नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू त्याच्याकडे तयारच नाहीत.

व्हिडिओतले घोडे बहुतेक स्टँडर्डब्रेड जातीचे असतात. अमेरिकेत १८७९ साली या जातीच्या नोंदीसाठी 'एक मैल २ मिनिटं ३० सेकंदांत' असं प्रमाण ठरलं, त्यावरून हे नाव पडलं. दोनचाकी हलक्या गाडीला जुंपून त्यांना दुडकीवर किंवा एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकण्याच्या चालीवर पळवतात. निवृत्त घोडे शिकवून, तपासून दत्तक देणाऱ्या संस्था तिकडे आहेत. तुमच्याकडे येणारा घोडा बहुधा देशी किंवा मिश्र जातीचा असेल, आणि तो न शिकवलेला, न तपासलेला येईल. ती दोन्ही कामं तुमच्या अंगावर आहेत.

फुकट मिळतोय यात वाईट काही नाही, पण "शर्यतीला पुरत नाही" म्हणजे नेमकं काय हे मालकाच्या तोंडून काढून घ्या. वेग कमी पडत असेल तर तुमचं काहीच अडत नाही. पाय गेला असेल तर सगळंच अडतं. वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर दुडकी पळालेल्या घोड्याच्या खुराच्या वरच्या सांध्यात हाड वाढतं, आणि पुढच्या पायाच्या नळीमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) जाड होऊन धनुष्यासारखी बाहेर आलेली असते. दोन्ही पायांच्या शिरा एकाच वेळी दोन हातांनी वरून खाली चाचपा. एक गरम किंवा जाड लागली तर तिथेच थांबा. मग कडक, सपाट जमिनीवर सैल दाव्याने त्याला दुडकी चालवा आणि फक्त डोक्याकडे पाहा. दुखरा पुढचा पाय टेकताना तो डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली टाकतो. दावं आखडून धरलं की हे लपतं, म्हणून विकणारे आखडून धरतात. दुखणं दाबणाऱ्या इंजेक्शनानेही लंगडणं दोन दिवस गायब होतं. न कळवता जा, किंवा आठवड्याच्या अंतराने दोनदा पाहा.

वय दातांवरून पडताळा. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीजवळ उभी, तपकिरी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला पोचते. वर्ष-दोन वर्षांचा फरक धरावाच लागतो. पण 'नऊ वर्षांच्या' घोड्याची खाच अर्ध्यावर आलेली असेल तर तो नऊ वर्षांचा नाही. तोंड उघडलंच आहे तर जीभ बाजूला सारून पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली मोकळी हिरडी बघा. लगामाचं लोखंड तिथेच बसतं. काटेरी लगाम वापरला असेल तर तिथे गाठी किंवा पांढरे व्रण असतात, कधी जिभेच्या कडेलाही चीर असते. असा लगाम १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांनुसार बंद आहे, तरी चालतो. व्रण असले म्हणून घोडा नाकारू नका, फक्त त्याचं तोंड हळवं किंवा बधिर आहे हे धरून चाला. पुढचं सगळं शिक्षण त्यावर अवलंबून आहे.

घोडा हलवण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची रक्ततपासणी झालीच पाहिजे. नमुना स्थानिक सरकारी पशुवैद्यकामार्फत जातो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही या कामाची प्रमुख प्रयोगशाळा. हा आजार माणसाला होतो, कायद्याने कळवावा लागतो आणि घोडा बाधित निघाला तर त्याला दयामरण द्यावं लागतं. तुमच्या अंगणात आल्यावर हे कळण्यापेक्षा तिकडेच कळलेलं बरं. त्याच रक्तात सर्रा (माश्यांमधून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार) आणि अश्व संसर्गजन्य रक्तक्षय तपासून घ्या. धनुर्वाताची लस कधी दिली ते मालकाला आठवत नसेल तर दिलेलीच नाही असं समजा आणि पहिल्यापासून सुरू करा. खिळ्याने खुरात झालेली बारीक जखमसुद्धा घोड्याला धनुर्वाताने मारते.

एप्रिल मात्र नको. नागपूरचा पारा त्या दिवसांत ४० ओलांडतो, मे महिन्यात ४५ ला टेकतो, आणि तुम्ही नवा घोडा, नवं पाणी, नवा चारा, नवं शिक्षण सगळं एकदम त्यात लोटणार. दिवाळीनंतर आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने तुमच्या हातात कामाचे मिळतात, आणि मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत बऱ्यापैकी तयार घोडा मिळतो. मालक तोवर थांबणार नसेल आणि आत्ताच आणावा लागला, तर पावसाळा संपेपर्यंत फक्त जमिनीवरचं काम करा, तेही पहाटे साडेपाच ते साडेसात.

सांगलीहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर म्हणजे साडेसातशे किलोमीटरच्या घरात. १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र सोबत लागतं, आणि घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे हा प्रवास एका दमात होतच नाही. लातूर-नांदेडच्या आसपास एक रात्र मुक्काम धरा. दर चार तासांनी गाडी थांबवून पाणी दाखवा आणि दावं इतकं सैल सोडा की त्याला डोकं गुडघ्यापर्यंत खाली नेता येईल. तासन् तास डोकं वर बांधून ठेवलं की श्वासनळीतली घाण बाहेर पडत नाही आणि दोन दिवसांनी फुप्फुसाला सूज येते. आल्यावर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट ठीक. त्यावर गेला आणि खोकला किंवा नाकातून घट्ट स्राव असेल तर लगेच पशुवैद्यकाकडे. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना तुम्हाला जवळ आहे. घोडा येण्याआधीच एकदा तिथे जाऊन, घोड्याला रात्री-अपरात्री कोण बघतं हे विचारून ठेवा.

शेतावरची तयारी: तबेला १२ बाय १२ फूट, छत उंच, दोन बाजू हवेला मोकळ्या. काटेरी तार काढून टाका. गाय काटेरी तारेला पाहून थांबते, घोडा घाबरला की आरपार जातो. कुंपणाला कण्हेर असेल तर मुळासकट काढा, तिची मूठभर पानं घोड्याला पुरतात. वाळलेली पानंही तितकीच विषारी असतात, म्हणून छाटून तिथेच टाकू नका. घाणेरी आणि एरंडीही नको. संत्र्यावर किंवा शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली की त्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं गवत काही दिवस तोडायचं नाही. आणि एकटा घोडा सैरभैर होतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर एखादी शेळी सोबत ठेवा, चालते.

खाण्याबाबत विदर्भात एक विशिष्ट घोटाळा होतो, तो असा की घोड्याला बैलाच्या हिशेबाने चारा पडतो. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. त्याला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं आणि बुरशीचा एक मूठ कडबाही त्याच्या पोटात शूळ उठवू शकतो. ३४४ किलोच्या घोड्याला रोज साधारण सात किलो कोरडा आहार लागतो. त्यातला किमान साडेपाच-सहा किलो चारा: वाळलेलं गवत सगळ्यात चांगलं, नसेल तर ज्वारीचा कडबा बारीक कुट्टी करून, थोडं पाणी शिंपडून. वर्षाचा हिशेब सव्वादोन टनांच्या आसपास जातो, तेवढी कोरडी जागा आधी बघा. हरभऱ्याचं कुटार थोडं मिसळलं तर चालतं. सोयाबीनचं कुटार मात्र नको, ते काडीसारखं कडक असतं आणि आतड्यात बोळा बसतो. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नाही. गुरांचं तयार पशुखाद्य आणि कोंबडीखाद्य यांना तर घोड्याजवळ फिरकूही देऊ नका. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते मानवतं, घोड्याचं हृदय मात्र अगदी थोड्या मात्रेने बंद पडतं. गोणीवर नाव नसेल तरी धोका पत्करू नका.

शर्यतीच्या घोड्याला चणे, दूध, अंडी, तूप असा खुराक असतो. तो एका दिवसात तोडू नका आणि तसाच चालूही ठेवू नका. काम बंद आणि खुराक चालू, यातून एके सकाळी घोडा दहा पावलं चालतो आणि मागचे पाय लाकडासारखे कडक होऊन थांबतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. मालकाकडून नेमकी मापं विचारून घ्या, पहिल्याच दिवशी दाणा अर्धा करा, मग दोन आठवड्यांत भिजवलेले चणे अर्धा किलो आणि भरडलेले जव अर्धा किलो, दोन वेळांत विभागून, एवढ्यावर आणा. गव्हाचा कोंडा ओंजळभर ठीक, रोज किलोभर नाही, त्याने हाडातलं कॅल्शियम ओढलं जातं. रोज ३० ग्रॅम मीठ, उन्हाळ्यात ५०. पाणी थंडीत २५ लिटर, उन्हाळ्यात दुपटीची तयारी. शूळ उठला तर नाळीने, म्हणजे बांबूच्या नळीने तेल पाजायला कुणी आलं तर त्याला परत पाठवा. ते तेल बरेचदा फुप्फुसात उतरतं.

आता शिक्षण. या घोड्याकडे काही गोष्टी अशा आहेत ज्या घरच्या कोऱ्या घोड्याला शिकवायला वर्ष जातं. ट्रकचा हॉर्न, गर्दी, मागून येणारी मोटरसायकल, अंगावर पट्टे आवळणं, तासभर उभं राहणं, हे सगळं त्याला येतं. शब्दही तो समजतो. जे येत नाही ते तीन गोष्टींत मोडतं, आणि तिन्ही गाडीनेच शिकवलेल्या आहेत.

एक, त्याने आयुष्यभर झापडं लावून काम केलं. पाठीमागे काय असतं हे कामावर असताना त्याने पाहिलेलंच नाही. झापडं काढून कुणी पाठीवर चढलं की डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यात, उंचावर, हलणारी आकृती त्याला पहिल्यांदा दिसते. घोड्याच्या लेखी त्या जागी वाघ असतो. म्हणून चढण्याच्या कितीतरी आधी त्याच्या शेजारी उंच ओट्यावर उभं राहा, हात हलवा, टोपी काढा-घाला, खरारा करा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. एका बाजूने शिकलेलं दुसऱ्या बाजूला त्याला आपोआप कळत नाही.

दोन, त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीच्या दांड्या होत्या. त्यांनी त्याला सरळ धरलं आणि कुशीला लागणाऱ्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करायला शिकवलं. मुलीचा पाय त्याला दांडीसारखाच वाटणार. टाच मारत बसली तर तो आणखी बधिर होईल. त्यापेक्षा आधी त्याचा ओळखीचा शब्द, लगेच पोटरीचा हलका दाब, तो हलला की दाब बंद. असं शंभर वेळा. मग शब्द मागे घेत जायचं.

तीन, आणि अपघात इथेच होतात. गाडीच्या शर्यतीत हाकणारा लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर रेलून पळतो. ताण म्हणजे त्याच्यासाठी 'थांब' नाही, 'आता पळ'. नवखी स्वार घाबरली की दोन्ही लगाम ओढते. घोडा ते इमानदारीने ऐकतो आणि वेग वाढवतो, ती अजून ओढते. यात घोडा उधळलेला नसतो, त्याला शिकवलेलं तो करत असतो. म्हणून थांबणं पहिल्या दिवसापासून नव्याने शिकवायचं: शब्द, मग लगामावर मूठ क्षणभर मिटून सोडणं, थांबला की पूर्ण सैल. शिवाय एका लगामाने मान हळूहळू बाजूला वळवून गोल फिरवत थांबवणं, आधी जमिनीवरून, मग चालीवर, डावीकडे आणि उजवीकडेही. हे डोळे मिटून जमेपर्यंत मुलगी दुडकीवर जाणार नाही, हा नियम घरात पक्का करा. दुडकीच्या वेगात मान झटक्याने वळवली तर घोडा पडू शकतो, तेही तिला आधीच सांगा.

दिवसांचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे आराम, नाल काढून खूर तासणं, जंतांचं औषध वजनाप्रमाणे, हाताने फिरवणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झापडांशिवाय, साधा जाड सांध्याचा लगाम घालून, दोन लांब दोऱ्यांनी मागून चालत पांदणीवर हाकणं. हे काम त्याला ओळखीचं आहे, फक्त गाडी नाही. वर्तुळ मोठं ठेवा, वीस मीटरपेक्षा लहान नको. दांड्यांमध्ये सरळ राहिलेलं अंग वाकायला वेळ लागतो. पाचव्या आठवड्यात खोगीर. वरातीचं सजावटीचं खोगीर नको, मणक्यावर लाकूड टेकतं. मणक्यावर तीन-चार बोटं रुंद मोकळी वाट असलेलं, खांद्याच्या उंचवट्याला दोन-तीन बोटं वर राहणारं आणि शेवटच्या फासळीच्या पुढेच संपणारं घ्या. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. एक भोक, चार पावलं, पुन्हा एक भोक. साजाच्या जुन्या जखमेवर तंग बसतो का तेही बघा. सातव्या आठवड्यात मुलगी पोटावर आडवी पडेल, मग बसेल, तुम्ही दावं धरून चालाल. दहा मिनिटं, दिवसाआड. बाराव्या आठवड्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चाल आणि थोडी दुडकी झाली तर उत्तम चाललं आहे. पाठ दाबल्यावर तो खचत असेल, खोगीर पाहून कान मागे टाकत असेल, तर आठवडाभर मागे जा.

चौखूर धावण्याची घाई नको. दुडकीच्या शर्यतीत पळालेला घोडा असेल तर चाल मोडली की त्याला आवरलेलं असतं, म्हणून तो दुडकीच वाढवत नेईल आणि स्वाराची हाडं खिळखिळी होतील. चौथ्या-पाचव्या महिन्यात, हलक्या चढावर, मुलगी खोगिरातून थोडी उठलेली असताना चार उड्या मिळाल्या तर तिथेच थांबवून शाबासकी द्या. काही घोड्यांना ही चाल नीट कधीच येत नाही. पांदणीवर हिंडायला ती लागतही नाही.

मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही, घोडेस्वारीचं वेगळं मिळतं, ते घ्या. टाचेचा बूट हवा, आणि रिकिब बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर रुंद, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. पावसाळ्यात काळ्या मातीत खुराच्या तळव्याला कुज लागते, रोज खूर उचलून साफ करा, सडका वास येतोय का पाहा. लग्नसराईत "फक्त दोन तास वरातीला द्या" म्हणून लोक येतील. पाठीवर दोन स्वारांचा भार, कानाशी डीजे, आणि तुमची दोन महिन्यांची मेहनत. नाही म्हणा.

नावाचं विचारलंत. बदला हवं तर, दाणा दाखवताना नवं नाव घेतलं की आठवड्यात कान वळतील. पण मालकाला फोन करून तो थांबवताना नेमकं काय म्हणतो ते त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या, आणि मुलीला त्याच सुरात म्हणायला शिकवा. तो शब्द बदलू नका.